फनीचे दोन दात

बाबा, कॉम्प्युटर म्हंजे काय हे तुमाले समजावत बसली तर चारची बस निघून जाईन, म्हनून थोडक्यात सांगते. एक डब्बा आहे, त्याले टीव्हीसारखी काच आहे, खाली बोटानं दाबाची बटनं. जगातलं काही विचारा, तो दाखवते. खरं का खोटं ते आपन पाहाचं. हा डब्बा जिथं ठेवला आहे तिथं तुमचा माग होता. तुमी गेल्यावर मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वरून फरशी बसवली, फरशीवर टेबल, टेबलावर डब्बा. घर तेच. दादा-वहिनीले लेकरू झालं नाई, माहा नवरा गेला तवा मी परत आली, आता मी एकटीच. खुर्चीवर बसून पाय खाली सोडले का अजून मागाच्या पावड्या शोधतेत. गल्लीत हातमाग चालवनारं कोनी उरलं नाई, पन पायायले कोन सांगनार.

तर झालं असं का काल माह्या सुनेनं हा डब्बा साफ केला, आन मी तिले नाई नाई ते बोलली. आता ती आतल्या खोलीत पिशवी भरून राहिली, चारच्या बसनं नागपूरले जाईन. लग्नाले वर्ष झालं नाई, पयल्यांदाच एकटी आली होती. पोरगा सोबत नाई, सन नाई, कोनी बोलावलं नाई, आपल्या मनानं आली. आज अशी गेली तर मंग ती पोराच्या मागं मागंच येईन, दिवाळी-पोळ्याले, पाहुनीसारखी, बसाले चटई द्या म्हनत. हे मले कळते. कळून बी खुर्चीवरून उठवत नाई. बसवत बी नाई. दोनदा दारापर्यंत जाऊन आली, गोठ्यातल्या गाईसारखी. म्हनून तुमाले लिहून राहिली, एका एका बोटानं.

हा डब्बा पोराचा. नोकरी लागली तवा नवा घेतला, हा इथं आनून टाकला, म्हने मा, भंगारवाल्याले देऊन दे. मी देला नाई. सातवी शिकलेली बाई, मले वाटलं पाहू तरी आत काय आहे. पयले भजनं ऐकली, मंग बाजारभाव पाहिले, मंग एक दिवस डब्बा बंद पडला तर तो कसा उघडाचा हे विचाराचं कोनाले, डब्बाच बंद, म्हनून शेजारनीचा फोन आनला. पेचकस घेऊन झाकन काढलं, पंख्यात चिमनीनं घर बांधावं इतकी धूळ. कुंच्यानं झाडली, चालू झाला. तवापासून माही भीड चेपली. आता गल्लीतले लोक फोन घ्याच्या आधी मले विचारतेत, काकू कोनता घेऊ. मी म्हनते, जो आहे त्याले काय झालं?

जगात जायचा जो दरवाजा असते त्याले ब्राउझर म्हनतेत. माह्याकडे तीन आहेत. एक कोल्ह्याच्या चित्राचा, एक रंगीत चकतीचा, एक निळ्या लाटेचा. लाटवाला डब्ब्यासोबत फुकट येते आन दर आठ दिवसानं विचारते, मलेच कायम ठेवता का. जो दारात उभा राहून मलेच ठेवा म्हनते त्याले कोन ठेवन? चकतीवाला चपळ आहे पन खादाड, दोन पानं उघडली का सगळी रॅम खाऊन बसते. रॅम म्हंजे डब्ब्याचा ओटा समजा, ओटा जेवढा मोठा तेवढी भांडी एका टायमाले मांडता येतेत. मले कोल्हा आवडते. हळू आहे, पन जाहिराती अडवते आन आपलं तोंड बंद ठेवते. पोरगा म्हनते, मा, तो आता कोनी वापरत नाई. मी म्हनलं, तुह्या बापासारखं धोतर बी गावात कोनी नेसत नव्हतं, तो नेसे.

आता तर सगळ्यायनंच कोपऱ्यात एक चमकनारं बटन लावलं. दाबलं का तो आपल्या जागी पान वाचते आन चार ओळीत सांगते. अरे बाबू, मी वाचाले बसली, तू काहून वाचतं? तुले घाई आहे तर तू जाय. बातम्या पाहा तर सगळ्या त्याच्याच. मशीन बोलाले लागली, मशीन चित्र काढाले लागली, आन तिले लागते म्हनून मोठमोठ्या कंपन्या बाजारातली सगळी रॅम उचलून राहिल्या, म्हनून ती महाग झाली. म्हंजे मशीन तिकडे गप्पा मारन आन माहा ओटा इकडे लहानाचा लहान. घडीचा फोन निघाला. फोनाची घडी! कापड घडीवरच आधी फाटते, हे विनकराच्या पोरीले कोन्या इंजिनियरनं सांगाले नाई पाहिजे. एक काम मात्र बरं केलं, सगळ्यायच्या चार्जरची पिन एकच केली. घरात वायरीचा नुसता गुंता असे, कोन कोनाची माहीत नाई. आन माहा डब्बा ज्या सिस्टीमवर चालते तिचा आधार बंद झाला म्हने. बिघडलं तर आता ते पाहनार नाई. इतके दिवस कोन पाहे? मीच पाहे.

बसस्टँडजवळच्या दुकानवाल्याले विचारलं तर तो म्हनते, "काकू, एसएसडी टाकून घ्या जी, डब्बा उडते."

मी म्हनलं, "मले उडवाचा नाई, चालवाचा आहे."

"आवाज बी येत नाई जी, एकदम शांत."

"आवाज नाई आला तर चालून राहिला हे कसं कळन?"

तो हसला. त्याले काय माहीत. तुमचा माग चाले तवा मा चुलीपुढं भाकर थापता थापता सांगे, तुहा बाप थांबला, धागा तुटला असंन, जाऊन पाय. धोट्याचा आवाज तिच्या पाठीत भरला होता. एक ठोका चुकला का तिचा हात पिठात थांबे. मी पळत येऊन पाहे तर तुमी खरंच वाकून धागा शोधून राहिले असा. म्हनून खरखरनारा पंखा मले बरा वाटते. पाठ करून बसली तरी समजते.

आता मुद्द्यावर येते. ब्राउझरमधी एक पान उघडं ठेवून दुसरं उघडता येते, त्याले टॅब म्हनतेत. वर रांगेत लागतेत. मी टॅब बंद करत नाई. कधीच नाई. डब्बा बी पुरा बंद करत नाई, नुसता झोपवते. पोरगा चिडते, म्हने एखादं पान पाहून झालं का बंद कराव, मा, डब्ब्यावर भार पडते. पन माह्या हातानं होतच नाई. तुमीच सांगतलं होतं ना, माग कधी उघडा पाडाचा नाई. लुगडं पुरं झालं का कापून घ्याचं, पन वीतभर जुने धागे फनीच्या दातायत आन राचाच्या दोऱ्यायत तसेच लोंबते ठेवाचे. मंग नवा ताना आला का बोटाले राख लावून जुन्या धाग्याच्या टोकाले नव्या धाग्याचं टोक पिळून जोडाचं, एक एक करून, या काठापासून त्या काठापर्यंत. सांधनी. जुनं ओढलं का त्याच्या मागं नवं आपोआप फनीतून येते. जुने धागे काढून टाकले तर सगळं पयल्यापासून भरा लागते, एका एका दातातून. माही पोरपनातली निम्मी दुपार त्या राखेत गेली. तुमी म्हनत, मागावर काई ना काई राहू दे, उद्या कुठून सुरू कराचं ते त्याले माहीत असते.

तर माह्या टॅबायचं तसंच. एकावर गोसी धरनाचे किती दरवाजे उघडले, एकावर पंख्याले तेल कोनतं, एकावर अर्धी वाचलेली रॅमची बातमी, एकावर कीबोर्ड कोनता चांगला म्हनून दोघायचा झगडा, एकावर कोशाचं लुगडं कसं धुवाचं. इतके झाले का नावं दिसाचे बंद झाले, नुसत्या बारीक बारीक पट्ट्या उरल्या, फनीच्या दातासारख्या. आन त्यात एक पान तुमचं होतं. तुमचं म्हंजे, दूर देशातल्या कोन्या संग्रहालयाचं. आपल्याकडच्या करवती काठाच्या लुगड्याचा फोटो. कोनं विनलं ते लिहिलं नाई. पन काठाची टोकं पाहिली मी, एक लांब, दोन आखूड, मंग एक लांब. गल्लीत असं तुमीच काढत. दुसऱ्या गावात बी कोनी काढत असंन, मी कुठं नाई म्हनते. ते तुमचंच आहे असा दावा नाई माहा. पन चहा घेता घेता दिवसातून एकदा पाहे.

काल मी भाजीले गेली. परत आली तर सून माह्या खुर्चीवर, तोंडभर हसू.

"आई, या ना, बसा. बघा आता कसा चालतो."

मी पाहिलं. काच स्वच्छ. वर एकच टॅब, तो बी कोरा.

"माहे पानं कुठी गेले?"

"बंद केले. अहो, शंभराच्या वर टॅब होते! कसं चालवत होता तुम्ही? हिस्ट्री, कॅशे, जुना कचरा, सगळं काढून टाकलं."

"कचरा?" मी म्हनलं. "कचरा तुह्या मायच्या घरी असंन. दुसऱ्याच्या मागाले हात लावाले तुले कोनं शिकवलं? पांढरपेश्यायच्या घरात हेच शिकवतेत का? इथं काई तुहं नाई, समजलं?"

तिचं तोंड असं उतरलं का काय सांगू. "मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल," एवढंच म्हनली. माग कोनता, हे बी तिले समजलं नसंन. समोर तर डब्बा होता. थोड्या वेळानं सयपाकखोलीतून विचारते, "आई, कोणतं पान पाहिजे होतं? कसं होतं ते सांगा, मी शोधते." मी म्हनलं, "जाऊ दे. गेलं ते गेलं." मंग तिनं पोळ्या केल्या, मी खाल्ल्या.

आन आज सकाळपासून मले तुमची ती दिवाळी आठवून राहिली.

वहिनी तवा नवी नवी. एकोडी गावची. जात आपलीच, पन त्यायच्या आजानंच माग सोडून धानाची शेती धरली होती, तिनं जलमात माग पाहिला नव्हता. तुमी आन दादा सूत आनाले गेलेले. घराची सारवन चालू, भिंतीले चुना, मा अंगनात. वहिनीले वाटलं सगळं घर चकाचक झालं आन सासऱ्याचा मागच तेवढा घान राहिला. ती खड्ड्यात उतरते, कोळिष्टकं काढते, लाकडं पुसते, तेल लावते, आन ते लोंबते धागे पाहून म्हनते हे चिंधूक कायले ठेवलं, आन विळ्यानं कापून फनीतून राचातून उपसून टाकते. सगळे. फनी घासून पाटावर वाळत घालते. वरून मागापुढं रांगोळी. मी शाळेतून येते तर ती पदर सावरून उभी, आता कोनी शाबास म्हनन म्हनून. मा दारात आली आन तिचा हात तोंडावर गेला. मी तर खो खो हसाले लागली. अख्ख्या गल्लीत ओरडत गेली, वहिनीनं मागाले आंघोळ घातली, वहिनीनं मागाले आंघोळ घातली. दहा वर्षाची होती, दुसरं काय करन. वहिनी तोवर समजून चुकली होती. खांबाले टेकून रडून राहिली होती, आवाज न करता.

तुमी आले. खांद्यावर सुताचं गठोडं. दारातच थांबले. टोपी काढली.

"कोनं केलं?"

"मी केलं, मामाजी."

तुमी गठोडं खाली ठेवलं, पाटावरची फनी उचलली आन खिडकीच्या उजेडात धरली. किती वेळ पाहत होते. मले वाटलं आता भडकले, आता भडकले, आन मले पुन्हा हसू फुटलं. तवा तुमी वळले ते माह्यावर. "दात दाखवू नको. वहिनीच्या दुःखावर हसते? बस खाली, धागे दे." आन वहिनीले म्हनले, "बरं झालं, सूनबाई. या फनीचे दोन दात वाकले होते. धागे भरून राहत तवा दिसतच नव्हते. तुह्यामुळं दिसले. ये, इकडून तू दे, तिकडून हे बोंबलनारी देईन."

ती दिवाळी माग मुका. तुमी मधात खाली मान घालून, एकीकडून वहिनी, एकीकडून मी, धागा द्याचा, तुमी दातातून ओढाचा, मंग पुढचा. मा बाजूले वाटीत चकल्या ठेवून जाय, आमी तेलाचे हात पुसून पुसून खावो. वहिनीच्या हातातून पयल्या दिवशी धागे सुटत. मंग जमलं. मंग तीच मले सांगे, तुहा धागा ढिला आहे पाय. पुढं गल्लीत कोनाची सांधनी अडली का वहिनीले बोलावनं येई, मले नाई. मले तुमचा राग आला होता बाबा. चूक तिची आन बोलनं मले. तो राग मी सासरी जाईपर्यंत सोबत वागवला.

एक विचाराचं राहून गेलं. ते दोन दात खरंच वाकले होते का? मी नंतर फनी पाहिली, मले तर सगळे सरळ दिसले. तुमी सरळ करून घेतले असतीन. का मुळात वाकलेच नव्हते? मायले विचारलं तर ती म्हनली, गप, तुले काय कराचं. दादा म्हनला, बाबाले माहीत. वहिनीले म्हातारपनी विचारलं, शेवटल्या वर्षी, तर हसली आन म्हनली, "अवो बाई, मले तवा फनीच माहीत नव्हती, दात काय माहीत राहतीन?" ती बी गेली. आता सांगनारं कोनी नाई.

आताच ती चहा घेऊन आली होती. मी हे पान झटकन लहान केलं.

"आई, चहा."

"ठेव."

"दुपारची गोळी घेतली का?"

"घेते."

"बस चारला येते ना?"

"ड्रायव्हरच्या मर्जीनं येते. कधी चारले, कधी सव्वाचारले."

ती उभीच. जाईना. मी म्हनलं, "हा डब्बा..."

"काय आई?"

"काई नाई. वाटेत खाले घेतलं का?"

"घेतलं," म्हनली आन गेली. घेतलं नसंन. सयपाकखोलीत पोळ्यायच्या डब्ब्याचं झाकन वाजलं नाई, मले ऐकू येते.

हे मी चिठ्ठी धाडतेत त्या पानावर लिहिलं. वर एक खाना आहे, कोनाले म्हनून. तो कोराच राहीन, धाडाचं काई काम नाई. पुसाचं बी नाई. वर एवढा एकच टॅब आहे, राहू दे मागावर.

आन एक गोस्ट, बाबा, तुमालेच म्हनून. सकाळी ती आंघोळीले गेली तवा मी डब्बा चालवून पाहिला. रागानंच पाहिला, काई ना काई बिघडलं असंन म्हनून. बोट उचलाच्या आत पान उघडते. चकतीवाला बी धापा टाकत नाई. पंख्याची खरखर गेली. मी परत परत पाहिलं, तीच गोस्ट. तिनं काम चोख केलं. तुमाले कदाचित त्या दिवशी खोटं बोला लागलं होतं आन तुमी ते चटकन बोलले, सगळ्यायसमोर. माह्याजवळ तर खरंच आहे, आन तेच तोंडातून निघून नाई राहिलं.

दारात चपला वाजल्या. सोडाले जाते तिले. बसस्टँड काई लांब नाई.